कडेच्या ओळी

लातूर, २२ मे २०१८

प्रिय रघू,

परसात गोणपाट अंथरून आई सरकी शेणकाल्यात चोळायची आणि आपण दोघं समोर बसून चिकटलेले दाणे सुटे करायचो, ते तुला आठवतं का? त्या वर्षी सुट्टी संपवून मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात परतले, तर सिस्टरनी माझी नखं पाहून दोन दिवस मला वेगळ्या बाकावर बसवलं. तू पत्रात लिहिलंस, की तुझे दाणे सगळे उगवले.

तुझा निरोप मिळाला. तुझ्या साठ एकरांच्या मधोमध माझे चार एकर आहेत, ते तुला दिले तर ट्रॅक्टर सलग फिरेल, हे खरं आहे. मी इथं शिकवणीच्या मुलींना खोल्या देऊन राहते आणि शेत वाट्यानं कसणारी साखराबाईच करते, हेही खरं. उत्तराला महिना लावला, राग धरू नकोस.

बीटी कापूस आला तेव्हा मीही आनंदानंच लावला. पहिली काही वर्षं फवारणी कमी झाली, बोंडं भरली. प्रत्येक थैलीबरोबर साध्या सरकीचं छोटं पाकीट यायचं. ते कडेनं लावा, म्हणजे साधी अळी जगते आणि बीटीला पचवणारी अळी लवकर वाढत नाही, असं कृषी खात्याचा माणूस सांगून गेला. तू ती पाकिटं गोठ्यामागं टाकलीस. साखराबाई वेचून आणायची. तू तिला हसून म्हणालास, "काय मावशी, अळ्या पाळून राहिल्या का?" ती म्हणाली, "तिला तिचं ताट वाढावं, मालक. न्हाईतर ती आपल्या ताटात बसती." तेव्हापासून तुझ्या कडेच्या ओळी माझ्या शेतात उगवतात.

गेल्या दिवाळीत गुलाबी अळी आली, तिनं बांध पाहिला नाही. तुझं गेलं, आमचंही गेलं. चार एकरांना साठ वाचवता येत नाहीत. तुझ्या एकट्याची चूक, असंही मी म्हणत नाही. आसपास सगळ्यांनीच पाकिटं टाकली होती. साखराबाईनं पऱ्हाटी उपटून जाळली आणि मला फोनवर विचारलं, औंदा कडेला किती ओळी लावू.

भूकंपानंतर आम्ही महिनाभर अंगणात राहिलो, तेव्हा तू नायगावहून टेम्पोत घरच्या कापसाची गादी घालून आलास. माझी लेक मालविका दुपारी तिच्यावर झोपली, की तू उन्हात छत्री धरून बसायचास. त्यानंतर मी तुला कशालाच नाही म्हटलं नाही.

आज म्हणते आहे. चारही एकरांचं बक्षीसपत्र साखराबाईच्या नावे करते आहे, येत्या सोमवारी, नायगावच्या कचेरीत. साक्षीदार म्हणून मला तुझीच सही हवी. साखराबाईची वाट तुझ्या शेतातून जाते. तू सही केलीस, तर ती पुढं कुणी अडवणार नाही. आईचं सूप तुझ्याकडे आहे, ते मालविकाला दे. गादी तुझी, पिंजून, नवी खोळ घालून ठेवली आहे, सोमवारी बरोबर आणते. आणि यंदाची छोटी पाकिटं वेचायला साखराबाई येणार नाही. ती पाकिटं तुझी तुलाच. कडेनं लाव.

तुझीच,
सौदाताई