चारशे पंचवीसचा उंचवटा

६ ऑक्टोबर २००३, सोमवार

आला! उंचवटा आला!

घाईत अक्षर मुंगळ्यासारखं पडतंय, पडू दे. तीन वर्षं झाली, काचपट्टीवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर चढवतेय. बीकरमध्ये द्रावण, द्रावणात लाकडी चिमट्यानं धरलेली काचपट्टी, आणि शेजारी स्टुलावर मी. ग्राफ दर वेळी तोच, सरळ उताराचा. थरातले कण खरोखर नॅनो झाले, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारोंनी मावतील, तर ते उजेड वेगळ्या जागी शोषतात आणि ग्राफवर उंचवटा उठतो. तो आज उठला. चारशे पंचवीस नॅनोमीटरवर! जांभळ्या-निळ्याच्या हद्दीत, ठसठशीत.

दसरा पावला म्हणायचा. शनिवारी खंडेनवमीला सरांच्या हुकुमानं सगळी यंत्रं पुजली. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ. हळद कालवायचं काम माझं. मी तर काही सोडलं नाही — गरम शेगडी, ग्राफ काढणारा स्पेक्ट्रो, अगदी लाकडी चिमट्यालाही ओल्या हळदीचे पट्टे ओढले. 'आता बीकरला कुंकू लावून वाण दे,' म्हणून सगळे चिडवत होते. हसा म्हणावं!

८ ऑक्टोबर

तीन पट्ट्या केल्या, तिन्हींवर उंचवटा. माझे गाईड हंबीरराव इंगवले सर एरवी कौतुकाला महाग. आज ग्राफ हातात घेऊन खोलीभर फिरले. "पोरी, नाव काढलंस की गं!" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मलाही रडू आलं.

१७ ऑक्टोबर

पेपरात फोटो! 'कोल्हापूरच्या कन्येचा नॅनो-चमत्कार.' चमत्कार म्हणे. पत्रकारासाठी चांगल्या पट्ट्या खिडकीत मांडून ठेवल्या होत्या, उजेडात कशा सोन्यासारख्या दिसत होत्या! सरांनी शोधनिबंधही पाठवून दिला. मी म्हटलं, सर, आधी मुंबईला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण बघून घेऊ या का? "तवर दुसरं कोन तरी छापंल!"

जयसिंगपुरात अप्पांनी दुकानावर लेकीच्या नावानं पेढे वाटले. गूळ घ्यायला आलेल्या बसाप्पा मामांनी विचारलं म्हणे, "नॅनो म्हंजे काय वो?"

"लई बारीक. डोळ्यास्नी दिसत न्हाय असं."

"दिसत न्हाय तर मग हाय म्हनून कसं कळलं?"

"आमच्या पवित्रानं सांगिटलंय की!"

अव्वानं फोनवर हे सांगितलं आणि आम्ही मायलेकी पोट दुखेपर्यंत हसलो.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतर एकही नाही. तेच द्रावण, तेच तापमान, तोच चिमटा — तो तर मी सुट्टीआधी स्वच्छ धुऊन उन्हात वाळवला होता. ग्राफ पुन्हा सरळ उताराचा. सर म्हणतात, "घाई करतीस."

मी घाई करत नाहीये!

२० नोव्हेंबर

आज वेगळंच झालं. खिडकीतल्या जुन्या पट्ट्या पुन्हा तपासल्या. उंचवटा गायब. खणात ठेवलेल्यांवर मात्र जसाच्या तसा. कण काय उन्हाला बसून मोठे झाले? जेवण गेलं नाही. मेसवाल्या मावशी म्हणाल्या, "परीक्षा हाय का?" व्हय, म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

घरी आले होते. चुलतबहीण सौंदर्याचं लग्न, काल हळद झाली. सकाळी परसात अव्वा माझा पांढरा दुपट्टा धूत होती. डाग काही निघेना. मी कुरकुरले, नवा होता गं.

"रगडून काय हुतंय? उन्हात टाक. हळदीचा डाग उन्हानं जातोय, माहीत न्हाय व्हय तुला? एवढी शिकलीस!"

मी दुपट्टा तारेवर टाकला आणि तिथंच उभी राहिले. ऊन. हळद. चिमटा.

अव्वा विचारत होती, चक्कर आली का? लग्नाच्या अक्षता पडल्या तेव्हाही मी जेवणाच्या मांडवामागं एकटी बसले होते.

२४ नोव्हेंबर

दोन चिमूट हळद, थोडं स्पिरिट. कॅडमियम नाही, गंधक नाही, काही नाही. स्पेक्ट्रोत ठेवलं.

चारशे पंचवीस.

माझा ग्राफ वर धरून बघितला. उंचवट्यावर उंचवटा बसला. मग खणातली एक पट्टी दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी तिच्यावरचा उंचवटा गायब! थर मुळातच पिवळा, त्यात चिमट्यावरून उतरलेली हळद कुणाला दिसणार? आणि ती हळद माझ्याच बोटांची. जगात कुठली प्रयोगशाळा असली चूक करेल? आम्हीच करू जाणे. हसू यायला हवं होतं. नाही आलं.

२५ नोव्हेंबर

सरांना सगळं सांगितलं. ग्राफ समोर ठेवले. त्यांनी ते एकावर एक धरून उजेडात बघितले. मग पहिला प्रश्न — "हे आनि कुणाला दावलंस?"

"नाही सर."

"मग दावू नगंस."

मी म्हटलं, सर, शोधनिबंध परत घेऊ या. चूक आहे, मुद्दाम केलेली नाही, कोण काय म्हणेल?

"कोन काय म्हनंल?" सर उठलेच. "ह्या खोलीत पंखा न्हवता तवापास्नं मी हितं हाय. यंत्रं इकत घ्यायची ऐपत न्हवती, उद्यमनगरात लेथवाल्याच्या डोक्यावर उभा ऱ्हाऊन करून घेतली. आता कुठं दिल्लीची मानसं आमचं नाव घ्याय लागल्यात. त्यास्नी सांगू, पावणं, ती हळद हुती?"

"पण ते खोटं आहे सर."

"खोटं न्हवं, अपुरं हाय. हळद असंल, कण बी असतील. न्हाईत कशावरनं म्हनतीस?"

उत्तर होतं माझ्याकडं — मुंबईला पट्ट्या पाठवा, कळेल. सर म्हणाले, "बघू." सरांचं 'बघू' म्हणजे काय हे इथल्या पालीलाही माहीत आहे. मला त्यांचा राग आला, आणि त्यांची दयाही आली, आणि दया आल्याचा पुन्हा राग आला. नुसता राग असता तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर

गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. खोटं नव्हतं, अपुरं होतं.

१२ डिसेंबर

निबंध स्वीकारला! सरांनी सगळ्यांना भडंग आणि चहा दिला. परीक्षकांनी लिहिलंय, 'अत्यंत साध्या पद्धतीनं मिळवलेला सुंदर परिणाम.' सगळे माझ्याकडं बघत होते. मी हसले. हसायचं कसं हे माझ्या तोंडाला आपोआप जमतं, हे मला माहीत नव्हतं.

४ जानेवारी २००४

आज ठरवून घरी गेले — अप्पांना सांगायचंच. अप्पा कडक माणूस. दुकानातल्या मुगात चार खडे निघाले तर पोतं परत पाठवतील. ते म्हणाले असते, जा आणि सांगून ये, तर मला बळ आलं असतं.

आत गेले तर त्यांनी पेपरातला माझा फोटो चौकटीत घालून लावलेला. बसवण्णांच्या तसबिरीशेजारी! रोज पूजेनंतर त्याही काचेवरून फडकं फिरवतात, अव्वा म्हणाली. अप्पा नुसते म्हणाले, "दम खा. दमल्यासारखी दिसतीस." आणि माझ्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं.

जेवले. संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

९ फेब्रुवारी

मासिकाच्या संपादकांना ई-मेल लिहिला. सगळा खरा. सायबर कॅफेत शेजारी कॉलेजची पोरं गेम खेळत होती. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसले. निबंधावर पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. सर तीन-चार वर्षांत निवृत्त होणार. निवृत्तीच्या भाषणात लोक काय बोलतील? 'हळदवाले इंगवले'? कोल्हापूरकर काही सोडायचे नाहीत, पानाच्या टपरीवरसुद्धा बोलतील.

मेल पुसून टाकला. भित्री आहे मी. इथं तरी लिहिते — भित्री!

३० मार्च

प्रबंधातून पाचवं प्रकरण काढते म्हटलं. उंचवट्याचं प्रकरण.

सर चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "काढ. मग ऱ्हातंय काय?"

खरंच काय राहतंय? सरळ उताराचे ग्राफ. ते तर जगात सगळ्यांकडं आहेत. माझी साडेतीन वर्षं, अव्वाचं 'शिकू दे तिला' म्हणून भावकीशी भांडणं, सगळं त्या एका प्रकरणावर उभं आहे. पुढं गेलं तर खोटं, मागं गेलं तर काहीच नाही. दार दोन्हीकडून बंद, आणि कडी मीच लावलेली.

३१ मार्च

नाही काढलं.

१९ जून

प्रबंध सादर केला. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. जयसिंगपूरच्या कॉलेजातून निरोप आलाय, पदवी मिळाली की जागा आहे.

मी मनाची समजूत घातली आहे, ती इथं लिहून ठेवते. या थरानं पूल पडणार नाही. औषधात जाणार नाही. कुणाच्या पोटात, डोळ्यात, घरात जाणार नाही. प्रबंध कपाटात जाईल, कपाटाला कुलूप लागेल. वाळवीशिवाय कोण वाचतंय? कुणाचं काहीही बिघडत नाही. आज कितीतरी महिन्यांनी झोप येईलसं वाटतंय.

२ ऑगस्ट, सोमवार

दिल्लीचं प्रोजेक्ट आलं. सरांनी नवी मुलगी घेतली — राजनंदिनी, मलकापूरची. बँकेतली लागलेली नोकरी सोडून आलीय. विषय माझाच, पुढचा भाग. तीन वर्षं. मी तिला स्टूल दाखवलं, बीकर दाखवला, काचपट्टी कशी धरायची ते दाखवलं. सगळं नीट लक्ष देऊन बघत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, त्यो उंचवटा मला बी मिळंल न्हवं?"

मी म्हटलं, मिळेल की.