व्याजाची ओळ

३ मार्च
दोन कारखान्यांपैकी एक बंद होणार! मालकांनी आज सरळच सांगितलं. आपला इथला बटणांचा, नाहीतर परदेशातला तसलाच दुसरा. ज्याच्या धंद्यातून रोकड कमी येते, तो जाणार. आणि कागदावर आपलीच कमी दिसते! दादा साच्याच्या मशीनवर, मी हिशेबात – घरातल्या दोन्ही पगारांवर एकदमच पाणी. घरी सांगितलं. वहिनीच्या हातून जेवण खारट झालं.

४ मार्च
पटत नाही. यंदा माल जास्त विकला, उधारीही वेळेवर वसूल झाली. मग रोकड गेली कुठे? मॅनेजरसाहेब म्हणाले, आकडे म्हणजे आकडे. डोंबल!

६ मार्च
तिकडच्या हिशेबनीस बाईंना फोन लावला. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना. दोघींच्या मोडक्यातोडक्या तिसऱ्याच भाषेत बराच वेळ बोललो. काय गोड बाई! त्यांच्या कॅश फ्लोची, म्हणजे रोकड कुठून आली नि कुठे गेली त्या तक्त्याची, एकेक ओळ फोड करून सांगितली. मी मनातल्या मनात त्यांना ताई करूनही टाकलं.

७ मार्च
सापडलं!! कॅश फ्लोचे तीन भाग – धंदा, गुंतवणूक, आणि कर्ज-भांडवल. बँकेला भरलेलं व्याज आपल्या तक्त्यात पहिल्याच भागात वजा होतं. ताईंच्या देशात ते तिसऱ्या भागात टाकायची मुभा आहे! पैसा गेला तो गेलाच, फक्त ओळ खाली सरकली – आणि धंद्याची बेरीज गुबगुबीत. मालकांच्या सल्लागारांनी दोन्हीकडची तीच बेरीज शेजारी शेजारी मांडली. एवढी शिकलीसवरलेली माणसं! मी उठून टेबलाभोवती एक फेरीच मारली. शिपाई विचारायला लागला, बरं आहे ना म्हणून.

८ मार्च
नादच लागलाय. आणखी काही देशांतल्या कंपन्यांचे अहवाल काढून वाचले. मिळालेलं व्याज एकीकडे धंद्यात, दुसरीकडे गुंतवणुकीत. ओव्हरड्राफ्ट कुठे रोकडीतूनच वजा करता येतो, कुठे तो सरळ कर्ज. काय मजा आहे! जेवताना दादाला सगळं ऐकवलं. त्याने अर्ध्यातच थांबवलं – "नोकरी राहते का, तेवढं सांग."
राहील रे बाबा, बहुतेक राहील!

१० मार्च
ताईंना पुन्हा फोन. वर्षभरात व्याज किती भरलंत, विचारलं. त्यांनी आधी आपली बेरीज विचारून लिहून घेतली. उद्या पाठवते म्हणाल्या.

११ मार्च
आकडे आले, महिन्यावार. इतकी चोख बाई मी पाहिली नाही. त्यांचं व्याज वर घेतलं, बेरीज केली. पुन्हा केली. आपण पुढे!! चांगलेच पुढे!

१३ मार्च
मालकांपुढे मांडलं. तोंड सुटलं ते सुटलंच. सल्लागार चष्मा पुसत बसले. हे आधी कुणी का पाहिलं नाही, असं मालकांनी त्यांना विचारलं, तेव्हा मला हसू आवरेना. आपला कारखाना राहणार! दादाने मशीनपाशी मला उचलूनच घेतलं, सगळ्यांसमोर. वहिनी रडली. मीही रडले, पण हसत. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१४ मार्च
आभार मानायला ताईंना फोन केला. त्यांच्याकडे सकाळीच कारखाना बंदची नोटीस लागली होती. मी माफी मागू लागले. त्या म्हणाल्या, "तुझी बेरीज बरोबर आहे गं. पाठवायच्या आधी मी करून पाहिली होती."