धक्क्यावरचे दगड

३ ऑगस्ट १८१३
दहा तोफा! इंग्रजांशी लढायचं म्हणून गव्हाची पोती वाहणाऱ्या गलबतावर दहा तोफा, त्याही डेकवर! कप्तान रस्कला म्हटलं, "लिडिया उथळ बुडाची आहे, साहेब. वरचं ओझं तिला पेलायचं नाही." तर सगळ्यांदेखत म्हणतो, "सुतारा, तू आपले पाळणे कर!" खलाशी खिदळले. त्यांत माझा धाकटा भाऊ जेबेझही! तोफेवर नेमलाय, म्हणून छाती फुगलीय. शिसारी आली सगळ्यांची.

४ ऑगस्ट
लिडिया रुतली. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण रस्क पडला समुद्रावरचा! आमच्या सरोवराला तो डबकं म्हणतो. शेवटी नेहमीसारखंच केलं – तोल राखणारे तळातले दगड काढून धक्क्यावर रचले, गलबत हलकं करून दांड्यापलीकडे ओढलं. आता दगड होडीने तिच्यापर्यंत पोचवायचे. ते काम माझं. दगड परत तळात पडत नाहीत तोवर ती जराशा वाऱ्यानेही आडवी होईल.

५ ऑगस्ट
रस्क धक्क्यावर उतरला, अधिकाऱ्यांकडे जेवायला. जाता जाता ओरडला, "सुतारा, दगड पोचव!" कुत्र्याला हाकलावं तसा. डोकंच फिरलं. येऊन नीट सांगेल तेव्हा नेईन. तिष्ठू दे एक दिवस. घरी आलो तर खारवलेलं डुकराचं मांस वास मारत होतं. ते फेकलं.

६ ऑगस्ट
सकाळी धक्क्यावर गेलो तर लिडिया नाही! इंग्रजांची शिडं दिसली म्हणे, आणि रस्कने पहाटे अंधारातच परत येऊन नांगर उचलला. दगडांशिवाय!

८ ऑगस्ट
बुडाली. लढाई नाही, गोळा नाही. भर दुपारी एक वावटळ आली आणि लिडिया आडवी झाली. आठ जण वाचले. रस्क गेला.
जेबेझ गेला.

९ ऑगस्ट
गाव मला शहाणा ठरवतंय. "तू बजावलं होतंस!" म्हणून गुत्त्यात फुकट पाजतात. रस्कच्या नावाने थुंकतात. मीही थुंकलो.

१० ऑगस्ट
दगड धक्क्यावरच होते. पाण्यात लोटले. सगळे.

११ ऑगस्ट
चौकशीला अधिकारी आला. "दगड पोचवले होतेस?"
"हो."
सही केली. माझी मलाच किळस येते.
परतताना जेबेझच्या बायकोने, थिर्झाने, मक्याची भाकर हातावर ठेवली. "भाऊजी, तुम्ही तरी बोललात. बाकी कुणाची जीभच रेटली नाही." तिच्यासमोर बसून खाल्ली. घराबाहेर येऊन ओकलो.

१२ ऑगस्ट
वाचलेल्यांपैकी इलायहू नावाचा खलाशी घरी आला. म्हणाला, "कप्तानाने निघताना विचारलं होतं, दगड भरले का? जेबेझच पुढे झाला. म्हणाला, 'भरले साहेब, दादाने कालच आणले.' मला हळूच म्हणाला, 'नाहीतर हा दादाला फटके मारील.'"