शेवटी एक मिळवा

९ जून, रविवार. दुपारी ३

...त्या सकाळी पाणी भरून झालं होतं, कुकर लावला होता, मी दाराशी बसून तांदूळ निवडत होते. हे आंघोळ करून आले आणि माझ्याच ताटात बोटाने दोन गोल काढले, एकमेकांत घुसलेले. म्हणाले, ह्या गोलात कांदा खाणारे, त्या गोलात लसूण खाणारे, मधल्या तुकड्यात दोन्ही खाणारे. मी म्हटलं, आणि तांदूळ निवडणारे कुठे? हसले. मग मी कपडे वाळत घातले, हे ऑफिसला गेले.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. सांगायचं काय, तर नववीचा पहिला धडा, संच, मला एका ताटात समजला. माझी शाळा खडवलीला आठवीतच सुटली, पण ह्यांच्या कपाटातली पुस्तकं मी वाचली आहेत. सगळी. काही दोनदा.

दिवाळीनंतर हे गेले तेव्हापासून संध्याकाळचा क्लास बंद आहे. उद्यापासून मी चालवणार. बिल्डिंगमधलीच पाच मुलं, पाच ते सहा, ह्यांच्यासारखंच फुकट. घर गप्प आहे म्हणून नव्हे. मुलांचं नुकसान होतंय म्हणून.

११ जून

क्लास उत्तम. क्षिप्राचा ठाण्याहून फोन. "आई, नववीचं गणित? तू?" लेकीला आईची किंमत नसते. भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला. भाजी नव्हती.

आज शिकवलं, संचातले घटक नेमके सांगता आले पाहिजेत. उदाहरण दिलं, बिल्डिंगमधली चांगली माणसं. समृद्धी म्हणाली, हा संच होत नाही काकू, चांगलं कोण ते प्रत्येकाचं वेगळं असतं. हुशार आहे, पण मध्ये बोलते. सर्वेश म्हणाला, "सेक्रेटरीचे मित्र घ्या ना. तो एकदम फिक्स आहे. रिक्त संच." पोरं इतकी हसली की शेजारून भिंतीवर ठोकलं. किती महिन्यांनी.

१२ जून

समृद्धीची आई रसिका जिन्यात भेटली. स्टेशनजवळ मोठा क्लास निघालाय, एसी आहे, पाचही मुलांच्या आया तिथे चौकशी करून आल्यात म्हणे. "नववी आहे ना काकू, आता थोडं सिरियस व्हायला हवं." मी म्हटलं, शाळेची पहिली टेस्ट होऊ दे, मार्क बघ, मग घाल कुठे घालायचं ते. ती बरं म्हणाली.

जिंकल्यातच जमा.

१४ जून

मुलांना घरोघरी पाठवलं. तळमजला आणि पहिला मजला, आमचं धरून आठ घरं. चहा कोण पितं, कॉफी कोण पितं, दोन्ही कोण, काहीच कोण नाही. तोवर मी बसल्याजागी घरवार माणसांची यादी केली. बाहेर जावं लागलं नाही, मला सगळी घरं पाठ आहेत. एकूण चोवीस.

१७ जून

मुलांचे आकडे. चहा १७, कॉफी ९, दोन्ही ५. काहीच न पिणारे २, एक पहिल्या मजल्यावरचं बाळ, दुसरे सर्वेशचे आजोबा, अ‍ॅसिडिटी. डब्यांची झाकणं ठेवून फळ्यावर दोन गोल काढले, बाहेरून चौकट. बाळ आणि आजोबा चौकटीत, पण गोलांच्या बाहेर. सतरा आणि नऊ सव्वीस, त्यातून दोनदा मोजलेले पाच काढले, एकवीस, आणि दोन, तेवीस.

माझी यादी समोर ठेवली, चोवीस.

तीन वेळा केलं. तेवीस. मुलांना ओरडले, कुठल्या तरी घरात नीट विचारलं नाहीत. समृद्धी काही बोलणार होती. तिला म्हटलं, आधी ऐकायला शीक.

१८ जून

सुटलं! मुलं विचारायला जातात तेव्हा घरातलं एखादं माणूस बाहेर गेलेलं असतंच. ते मोजायचं राहतं. म्हणून सूत्राच्या शेवटी एक मिळवायचा. पुस्तकात हे दिलेलं नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांना कुठे बिल्डिंगमध्ये राहायचं असतं.

संध्याकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, शेवटी एक मिळवा. मुलांनी वहीत उतरवलं. एकानेही प्रश्न विचारला नाही. याला म्हणतात समजणं.

२५ जून

आज क्लास नाही, कोणाचा तरी वाढदिवस. बरंच झालं, पडदे धुवायचे होते.

पडदे धुतले नाहीत.

६ जुलै, शनिवार

टेस्टचे पेपर मिळाले. संचाच्या गणितात चार मुलांचं उत्तर एकाने जास्त. चौघांच्या पेपरवर सरांचं लाल पेनाने एकच वाक्य, हा एक कुठून आणला? सर्वेश सांगत होता, सरांनी उभं करून विचारलं, कोणी शिकवलं? चौघांनीही माझं नाव घेतलं नाही.

समृद्धीला मात्र पूर्ण मार्क. म्हणजे माझ्या शिकवण्यात दोष नाही.

७ जुलै, रविवार

समृद्धीला बोलावून विचारलं, तुझं कसं बरोबर आलं? खाली बघून म्हणाली, "मी एक मिळवला नाही." का? म्हणाली, "काकू, तुमच्या यादीत तुमच्या घरापुढे दोन लिहिलंय."

यादी काढून बघितली. दोन लिहिलंय. माझंच अक्षर. जराही खोडलेलं नाही, विचार केल्यासारखं दिसत नाही.

मी विचारलं, त्याच दिवशी का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगत होते, तुम्ही ओरडलात. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही इतक्या खूश होतात. सगळ्यांनाच माहीत होतं. मी म्हटलं, मग सर्वेशने पेपरात का लिहिलं? "तो म्हणाला, दोन मार्क काकांना दिले."

तिला लाडू दिला. ती गेली. मी दार लावलं आणि आज पहिल्यांदा काही न लिहिता बराच वेळ ही वही घेऊन बसले.

संध्याकाळी रसिका आली. चांगली बोलली. पाचही मुलं मंगळवारपासून स्टेशनजवळच्या क्लासला. "तुम्हाला आराम होईल." मी म्हटलं, हो, आता मलाही वेळ नसतो.

तसं नाही. वेळच आहे.

९ जुलै

पाच वाजता कोणी आलं नाही. येणार नव्हतंच.

कालचं लिहायचं राहिलं. रसिका सांगून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाचही मुलांच्या घरी गेले. आत बसले नाही. दारातूनच प्रत्येकाला सांगितलं, शेवटी एक मिळवायचा नाही. तेवीस बरोबर आहे. आमच्या घरात एकच माणूस आहे.