शिक्का सुलट उमटला

मी इनागाकी तामोत्सु, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शिक्के कोरण्याचा, राहणार कुमागाया, हे मृत्युपत्र स्वहस्ते व पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. ‘पूर्ण शुद्धीवर’ हे शब्द लोक रिवाज म्हणून लिहितात. मला ते सिद्ध करावे लागले.

कलम एक. दुकान, वरचे राहते घर आणि माझ्या सर्व कोरण्या सून फुमिए हिला द्याव्यात. अकरा वर्षे ती माझ्या शेजारी बसून कोरते आहे. मुलगा मितसुरू याला दुकान पाडून गाड्या उभ्या करायला जागा काढायची आहे. ‘वडिलांचे डोके चालत नाही, कारभार माझ्याकडे द्यावा’ असा कोर्टाचा अर्ज त्याने लिहूनही ठेवला होता.

कलम दोन. त्याच्याकडे पुरावा होता, हे कबूल करतो. गेल्या हिवाळ्यात डायलिसिसहून येऊन मी नागासेबाईंचा शिक्का कोरला आणि लाकडावर अक्षरे उलटी काढायची ती सुलट काढली. कागदावर नाव उलटे उमटले. साठ वर्षांत असे कधी झाले नव्हते. गिऱ्हाईक तानाका असते तर कुणाला कळलेही नसते, आमच्या लिपीत त्या नावाची अक्षरे उलटसुलट दोन्हीकडून सारखीच दिसतात. त्या दिवशी मी फार घाबरलो. तो फसलेला शिक्का मितसुरूने जपून ठेवला आहे, तो त्याचाच. बँकेतली शिल्लकही त्याचीच. कायद्याने येणारा त्याचा वाटा मी बुडवणार नाही.

कलम तीन. माझा शाई उगाळायचा दगड डॉक्टर कुरोइवा यांना द्यावा. त्यांनी माझ्या कपाळाला दोन पट्ट्या चिकटवून मेंदूतला प्राणवायू मोजला. आकडा अठ्ठेचाळीस, म्हणजे फारच कमी.

“डोकं गेलेलं नाही, इनागाकी-सान. डोक्याला प्राणवायू पुरत नाहीये,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मग अंगातले पाणी चार तासांऐवजी पाच तासांत, सावकाश काढू लागले. औषधाने रक्तही वाढवले.

“अक्कल परत येईल ना?”

“आकडा वाढेल असं वाटतं. अकलेची हमी देत नाही.”

आकडा छप्पनवर गेला. मग परीक्षा. “आज वार कोणता?”

“सोम, बुध, शुक्र सुया टोचून घेणाऱ्याला वार विचारता?”

बाकीची उत्तरेही बरोबर आली.

कलम चार. आज दुपारी मितसुरू तो अर्ज घेऊन आला.

“बाबा, आकडे राहू द्या. तुमचा हात काय सांगतो?”

“मग हातच बघ.”

सकाळचे पाच तास यंत्रावर काढून आलो होतो. तरी घरच्यांदेखत आणि शेजाऱ्यांदेखत लाकूड घेतले, आडनाव उलटे लिहिले आणि कोरले. आमच्या आडनावाला तानाकांची सवलत नाही. छाप उठवली. मितसुरूने कागद दोनदा वाचला, अर्ज घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, “चहा टाकू का?” मला रडू आले, आनंदाने. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला कायदा साक्षीदार मागत नाही. मला हवे आहेत.

कुमागाया, बुधवार, १२ जून २०२४

इनागाकी तामोत्सु
(आज कोरलेला शिक्का)

साक्षीदार:
ओकुदाईरा शोजी, शेजारी, टोफूवाले. कोरताना पाहिले.
नागासे कियोमी, गिऱ्हाईक. माझा नवा शिक्का इनागाकी-सान यांनीच कोरला आहे. शेजारी उमटवला आहे, वाचून पाहावा.