दोरी सोडून बघायची पद्धत

३ मार्च, सोमवार

आज तिघं आली. तिघांचंही तेच — "रस्त्यावर सापडलं हो, बेवारस आहे." स्वतःचं कुत्रं आणून टाकलं तर दंड, सापडलेलं आणलं तर आभार. मग लोक खोटं बोलणार नाहीत तर काय! पालिकेच्या कोंडवाड्याच्या फाटकावर इतकी वर्षं बसून माझी एक पद्धत ठरली आहे. अंगणात कुत्र्याची दोरी सोडून द्यायची. ते आणणाऱ्याच्या पायाशी गेलं की समजायचं, त्याचंच. घेऊन जा म्हणायचं. साहेबांनाही पद्धत पसंत आहे, कारण पिंजरे भरलेले आहेत.

दोन कुत्री इकडेतिकडे हुंगत राहिली. ती ठेवून घेतली. तिसरा एक शिंपी. गळ्यातला टेपही काढला नव्हता. त्याचं तपकिरी कुत्रं, शेपटीचं टोक पांढरं, सरळ त्याच्या चपलेवर जाऊन बसलं.

"ताई, सकाळीच दुकानाच्या पायरीवर दिसलं. पाव दिला म्हणून मागे लागलंय."

"सगळे हेच सांगतात काका. तुमचंच आहे ते."

त्याने दोरी उचलली. मग "तुम्ही म्हणताय तर असेल" म्हणून निघाला. साळसूद चेहरा कसा करावा, हे या लोकांकडून शिकावं.

५ मार्च, बुधवार

पाणी आलं नाही. पिंजरे तसेच. जेवण गेलं नाही.

६ मार्च, गुरुवार

एक बाई आली. फोनमध्ये फोटो. तपकिरी, शेपटीचं टोक पांढरं. कुत्रं तिच्या सासऱ्यांचं. रविवारी त्यांना धाप लागली, स्ट्रेचर बाहेर काढताना दार उघडं राहिलं आणि ते सटकलं. सासरे आता घरी आहेत, पण डॉक्टरांनी हात टेकलेत. डोळे उघडले की एकच विचारतात, "आलं का?"

"इथे नाही आलं," मी म्हणाले.

तोंडातून गेलंच. परत पाठवलेल्या कुत्र्यांची आम्ही नोंद करत नाही, म्हणजे मी बोलल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. बाई नंबर आणि पत्ता देऊन गेली. शिंप्याने खरंच पाव दिला होता तर!

७ मार्च, शुक्रवार

काम सुटल्यावर शिंप्याचं दुकान शोधलं. तीन गल्ल्या पलीकडे, सोपं होतं.

"कुत्रं? ते त्याच दिवशी पळालं." मशीन थांबवलं नाही. मागच्या पडद्याआड जमिनीवर शेपटी आपटत होती. त्याला ऐकू येत होतं, मलाही.

सासऱ्यांचं सांगायला हवं होतं. पण मग माझं चुकलं हेही सांगावं लागलं असतं. "बरं" म्हणाले आणि निघाले.

८ मार्च, शनिवार

बाई परत आली. "आता विचारत नाहीत. नुसते दाराकडे बघतात."

"चौकशी चालू आहे," मी म्हणाले. सरकारी वाक्य. लाज वाटली. सोमवारी बघू.

९ मार्च, रविवार

दादाकडे जेवायला. वहिनीने विचारलं, "वन्सं, गप्प गप्प का?" सगळं सांगून टाकलं. दादाने हात धुता धुता एवढंच म्हटलं, "मग तू इथे काय करतेयस?"

संध्याकाळी दुकानावर गेले. कुलूप.

१० मार्च, सोमवार

सकाळी आधी शिंप्याकडे. अथपासून इतिपर्यंत सांगितलं. मशीन थांबलं.

"हे शुक्रवारी का नाही बोललात? मी काय राक्षस आहे?"

त्याने पडदा सारला. चिंध्यांची छोटी गादी शिवली होती, तिच्यावर कुत्रं झोपलं होतं. "एकटा माणूस मी. तुम्ही म्हणालात माझं, तर मीही म्हटलं माझं." दुकान बंद केलं, दोरी हातात घेतली. बाईच्या पत्त्यावर चालत गेलो. कुत्र्याने घर लांबूनच ओळखलं आणि शिंप्याला ओढत नेलं.

१० मार्च, दुपारी

दार बाईनेच उघडलं. सासरे काल जेवणाच्या वेळी गेले, म्हणाली. कुत्रं आत पळालं ते खाटेखाली जाऊन बसलं. शिंप्याने हाक मारली, बाईने मारली. येत नाही.