कोंडमाळ गणातलं एक मत

२ ऑगस्ट २०२५

किशोरचा डोंबिवलीहून फोन. माझा चुलतभाऊ, आणि आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. "ताई, तू आता रिटायर. रिकामीच असशील ना?" रिकामी! सकाळपासून दोनदा कुकर लावला, पावसाने न वाळलेले कपडे तीनदा फिरवले. तरी शब्द देऊन बसले.

गणपतीला मुंबईकर गावी येतात तेव्हा मंडळाची स्मरणिका निघणार. त्यात आमच्या जुन्या कोंडमाळ गणाचा इतिहास मी लिहायचा. गण म्हणजे महाडच्या वेशीला लागून असलेली आमची तीन गावं. तिन्ही गावांनी मिळून पंचायत समितीत एक माणूस पाठवायचा. अर्धा गण शहराने गिळला, तिथे आता चार-चार मजली इमारती. उरलेला नव्या रचनेत शेजारच्या दोन गणांना वाटून टाकला. नावसुद्धा उरलं नाही.

आमचे हे म्हणाले, "मेलेल्या मतदारसंघाचं बारावं घालायला तूच बरी सापडलीस." मी म्हटलं, मग जेवायला या.

५ ऑगस्ट

सगळा इतिहास एका पानात संपतोय. कोण उभा राहिला, कोण आला, कुणी विहीर केली, कुणी नुसता नारळ फोडला.

खरी मजा एकोणऐंशी सालच्या निवडणुकीची. माझे वडील, आमचे अण्णा (मुरारी म्हणून तेव्हा अख्ख्या गणात माहीत!) उभे होते. समोर चंदूकाका. निकाल — चंदूकाका ११४३, अण्णा ११४२. एका मताने पडले!

आणि ते एक मत कुणाचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रखमाकाकीचं. आमच्या शेजारची. तिचे यजमान रामाकाका अण्णांच्या प्रचारात इतके ओरडले की आठवडाभर घसा बसला होता. आणि त्यांचीच बायको मतदानाला पोचली नाही! घरी म्हैस व्याली म्हणे. काकी वाडीतून उतरून येईपर्यंत शाळेचं दार बंद. तेव्हापासून कुणाची एसटी चुकली की लोक म्हणतात, "रखमाचं मत झालं." मीसुद्धा वर्गात उशिरा येणाऱ्यांना हेच म्हणायचे. पोरं खो खो हसायची.

ही गोष्ट मधोमध चौकटीत टाकायची. काकीच्या फोटोसकट.

८ ऑगस्ट

फोटोसाठी माहेरी, कोंडमाळला गेले. काकी ओटीवर अळूची देठं सोलत बसलेली. चौऱ्याऐंशी वय, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. पदर नीट केला, फोटो काढू दिला. मग म्हणाली, "फोटो छाप. ती गोष्ट छापू नको गो."

मी हसले. ती हसली नाही.

"शेचाळीस वर्सं ऐकतंय. तोंडी हाय तवर ठीक. छापून आलं म्हंजे मी मेल्यावरबी ऱ्हाईल. सलोनीच्या सासरची मानसं वाचतील." सलोनी तिची नात, मे महिन्यात लग्न झालं.

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं आम्ही सगळे हसलो, पण तिला कसं वाटतं हे एकानेही विचारलं नव्हतं. म्हटलं, काकी, मी नीट चौकशी करते. खरं असेल तेवढंच छापेन.  निघताना तिने अळूची जुडी तेवढी दिली.

९ ऑगस्ट

अळूचं फतफतं झकास. लिखाण शून्य.

१२ ऑगस्ट

नाते गावाला जाऊन आले. चंदूकाका तिथे लेकीकडे असतात, सत्याऐंशीचे. मला बघून म्हणाले, "मुरारीची सरू ना तू? पडलेल्या पार्टीची!" तासभर नुसते हसत होते.

एक नवीनच कळलं. मतदानाला दोघे उमेदवार बरोबर चालत गेले होते, आणि दोघांनी आपलं मत एकमेकांना दिलं! "आपल्याच नावावर आपण शिक्का मारायचा म्हंजे पंगतीत आपल्याच पानात लाडू वाढून घ्यायचा. चांगलं दिसत नाय ते. मी मुरारीला दिला, त्याने मला."

मी विचारलं, अण्णांनी खरंच दिलं कशावरून? म्हणाले, "तो शब्द फिरवनारा मानूस नव्हता." येताना रिक्षात अण्णांची फार आठवण आली.

पण काकीला ह्याचा काडीचा उपयोग नाही. एक तिकडे, एक इकडे. फिटंफाट.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आले, पुऱ्या लाटत होते, आणि हातातलं लाटणं थांबलं. ११४२ अधिक एक किती? ११४३! म्हणजे काकी आली असती तरी अण्णा निवडून आले नसते. समसमान झालं असतं! मग चिठ्ठी टाकावी लागली असती. चौतीस वर्षं गणित शिकवलं मी. तीन गावांत शेचाळीस वर्षांत एकानेही ही बेरीज केली नाही, मीही नाही! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पुरी जळतेय."

लगेच किशोरला फोन. तो म्हणे, "ताई, मग त्यातली मजाच गेली. लोक रखमाचं मत वाचायलाच तर पुस्तक घेनार." म्हटलं, जाऊ दे मजा. "तुला जमत नसेल तर मी लिहितो." फोन आपटला मी. मोबाइल आपटताही येत नाही धड.

१६ ऑगस्ट

किशोरचा मेसेज. तेवीस तारखेपर्यंत मुदत. "तुला हवं ते लिही, पण लिही."

१९ ऑगस्ट

पाऊस थांबायचं नाव नाही. सावित्रीचं पाणी वाढतंय, दर तासाला कोणी ना कोणी पुलावर जाऊन बघून येतं. खालचं सामान माळ्यावर नेलं. पहिला गेला तो माझा लेख, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. मिक्सर नंतर.

२१ ऑगस्ट

पाणी उतरलं. लेख घेऊन काकीकडे. मोठ्याने वाचून दाखवला. बेरीज बोटांवर करून दाखवली. म्हटलं, काकी, सुटलीस! अण्णा तुझ्यामुळे पडले नाहीत. फार तर चिठ्ठी निघाली असती.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "चिट्टीत मुरारीचा नाव निघाला असता तर?"

तर अण्णा आले असते.

"म्हंजे येऊ शकला असता."

हो, शकले असते.

"मंग बरा झाला, नाय गेले ती." आणि उठून चहा टाकायला गेली. मी मागोमाग चुलीपाशी गेले, तर दुसरंच बोलायला लागली — सलोनीचा नवरा, त्याची गाडी. तो विषय काढूच दिला नाही. मी इतकी नाचत गेले होते, आणि आता मनात भलतंच काहीतरी टोचतंय.

२२ ऑगस्ट

किशोरचे तीन मिस्ड कॉल. उचलला नाही.

२३ ऑगस्ट

सकाळी काकीने माहेरी आलेल्या सलोनीकडून मला फोन लावून घेतला. म्हैस व्याली नव्हतीच. ती दिवसभर घरात कडी लावून बसली होती. अण्णा तिच्या अंगणात रामाकाकांना म्हणाले होते — निवडून आलो की माझं पंचायतीत जाणं-येणं वाढेल, सरूला सातवीतून काढतो, घरात आयशीला हात होईल. "नवऱ्यासमोर चंदूला देते म्हनायची छाती नव्हती. तुज्या बापाला द्यायचा मन नव्हता. मंग गेलेच नाय." मी विचारलं, मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुजा बाप होता तो. म्हशीचीच गोष्ट छाप, बाय."

अण्णांनी मला शिकवलं, असं मी जूनमधल्या निरोपसमारंभातसुद्धा सांगितलं. खूप रडले. ह्यांनी काही न विचारता चहा आणून ठेवला. मग जुना लेख फाडून नवीन लिहायला घेतला. पहिलं वाक्य झालं: मी सातवीच्या पुढे शिकले, कारण रखमाकाकी मत द्यायला गेली नाही.